टोयोटाचा माग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टोयोटाची इनोव्हा एवढी का खपते यावर पानभर मजकूर आला. ऐसपैस जागा, पुढाऱ्यांच्या ताफ्यामुळे आलेला रुबाब, जुनी विकायला काढली तरी मिळणारी किंमत, अशी कारणं लेखकाने दिली आहेत. खोटं त्यात काही नाही. पण पुढारी बसला म्हणून गाडीला भाव आला, हे मला पटलं नाही. रात्री अडीचला कोल्हापूरहून मुंबईला निघालं तरी ही गाडी घाटात दगा देणार नाही, असं ड्रायव्हर छातीठोक सांगतो, म्हणून पुढारी तिच्यात बसतो. ड्रायव्हरला ही खात्री कुणी दिली, ते त्या पानावर कुठेच नव्हतं. त्याचं उत्तर कापड विणायच्या मागापाशी आहे, आणि माग हा माझा विषय आहे. इचलकरंजीत वडिलांच्या काळापासून आमचे साधे माग आहेत. मी खर्चीवाला, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि मजुरी माझी.

टोयोटाचे मूळ पुरुष साकिची टोयोडा. जन्म १८६७ चा, शिझुओका भागातल्या एका खेड्यात. वडील सुतार, आणि गावातल्या बायका घरोघरी हातमागावर बसलेल्या. सुतारकाम शिकलेला मुलगा पुढे मागाच्या मागे लागला. १८९१ मध्ये त्याला लाकडी हातमागाचं पेटंट मिळालं, १८९६ मध्ये यंत्रमाग उभा केला. आमच्या गावात विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला १९०४ मध्ये, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळावर. म्हणजे काळाच्या हिशोबाने आम्ही फार मागे नव्हतो. आम्ही माग आणला आणि चालवत राहिलो, तो माणूस मात्र आपल्याच मागातल्या खोड्या काढत बसला.

त्यातली एक खोडी अशी आहे की ज्याने माग चालवला नाही त्याला तिची मेख कळायची नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जागा कमी पडली तर दुसरीकडे कात्री चालवा, एवढा भाग ठेवा. बीमवर, म्हणजे मागाच्या मागच्या रुळावर, ताण्याच्या म्हणजे उभ्या सुताच्या दोन-तीन हजार तारा असतात. बाण्याची तार धोट्यातून, म्हणजे इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी नावेतून, आडवी जाते. बाणा तुटला तर आमचा साधा मागही थांबतो, तेवढी सोय त्याला आहे. पण ताण्यातली एखादी तार तुटली तर मागाला पत्ता लागत नाही. तो खडखडत राहतो. तुटलेलं टोक शेजारच्या तारांत गुंततं, त्या तुटतात, आणि कामगार दुसऱ्या मागावरून फिरून येईपर्यंत वीतभर कापड वाया गेलेलं असतं. हे कापड व्यापाऱ्याकडे पोचतं, तिथे टेबलावर उलगडलं जातं, बोट ठेवलं जातं आणि मजुरी कापली जाते. कापलेली मजुरी मी ज्याला देतो त्याच्या पगारातून वळती करायची की स्वतः सोसायची, हा प्रश्न आमच्या धंद्यात दर शनिवारी असतो.

साकिचीने हे मागावरच सोडवलं. १९२४ चा त्याचा जी-टाइप स्वयंचलित माग ताण्याची तार तुटली की आपोआप थांबायचा. धोट्यातली बाण्याच्या सुताची कांडी संपत आली की वेग कमी न करता धोटाच बदलला जायचा. त्यामुळे एक कामगार तीस-तीस माग सांभाळू शकला. आमच्याकडे आठ मागांवर माणूस घामाघूम होतो. पण मला तीस या आकड्याचं तेवढं कौतुक नाही. खराब कापड तयार होऊच द्यायचं नाही, झालेलं शोधत बसायचं नाही, हे त्याने लोखंडात ओतून दाखवलं, त्याचं कौतुक आहे. जपानी लोक याला जिदोका म्हणतात आणि व्यवस्थापनाच्या वर्गात त्यावर तासन् तास व्याख्यानं देतात. आमच्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मुकादमाला, ते दोन मिनिटांत कळलं असतं.

धाकटी मुलगी नोकरीनिमित्त नागोयात असते. तिच्याकडे गेलो तेव्हा म्हटलं, किल्ला राहू दे, आधी टोयोटाचं संग्रहालय दाखव. टोयोडांच्या जुन्या विणकाम गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत १९९४ मध्ये ते सुरू झालं. दारातून आत गेल्यावर समोर मोटार नाही, साकिचीचा १९०६ चा गोल माग आहे. पुढच्या दालनात कापूस पिंजण्यापासून विणण्यापर्यंत सगळी यंत्रं मांडलेली, आणि त्यातली बरीच चालू. बाकीचे पाहुणे मोटारींच्या दालनाकडे भराभर निघाले. मी जी-टाइपपुढे उभा राहिलो. तिथल्या बाईंनी ताण्याची एक तार तोडून दाखवली, माग जागच्या जागी थांबला. मी पुन्हा तोडायला सांगितलं. मुलगी ओशाळली, पण त्या बाईंनी हसत पुन्हा तोडली. तेलाचा वास मात्र नव्हता. मागाच्या खात्यात तेलाचा वास आणि कानठळ्या नसतील तर मला माग चालल्यासारखं वाटत नाही.

या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले, करार एक लाख पौंडांचा. हे तेच प्लॅट, ज्यांची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत खडखडली. लँकेशायरवाल्यांनी जपानकडून मागाचं तंत्र विकत घ्यावं, हे त्या काळी सोपं नव्हतं. त्याच पैशावर मोटारीचा धंदा उभा राहिला असं सांगतात. ही कथा मला जरा जास्तच गुळगुळीत वाटते. पण मोटारीचा विभाग निघाला तो माग बनवणाऱ्या कारखान्यातच, १९३३ मध्ये, आणि साकिचीचा मुलगा किइचिरो याच्या हट्टाने, एवढं पक्कं. १९३७ मध्ये मोटार कंपनी वेगळी झाली.

पहिल्या दिवसापासून या गाड्या भरवशाच्या होत्या असं कुणी समजू नये. १९३५ चे जी-१ ट्रक सारखे बिघडायचे. १९५७ मध्ये टोयोपेट क्राउन अमेरिकेत नेली, तर तिथल्या हमरस्त्यांचा वेग तिला झेपेना. इंजिन तापे, दम कमी पडे. शेवटी कंपनीने ती तिकडे पाठवणंच थांबवलं आणि १९६५ मध्ये अधिक ताकदीची कोरोना घेऊन पुन्हा गेली. टोयोटाच्या जाहिरातींत हे येत नाही. माझ्या मते यायला हवं, कारण माल खराब आहे हे दिसल्यावर आधी तो थांबवायचा, ही मागाचीच सवय त्यात दिसते.

ही सवय मोटारीच्या कारखान्यात आणणारा ताइइची ओनो हाही मूळचा कापडवालाच. १९३२ मध्ये तो टोयोडांच्या सूत-कापड गिरणीत लागला आणि १९४३ मध्ये मोटारीकडे आला. एक माणूस अनेक माग बघतो, मग लेथ का नाही, हा त्याचा पहिला प्रश्न. पुढे जुळणीच्या ओळीवर डोक्यावरून दोरी आली. चूक दिसली की साध्यातल्या साध्या कामगाराने ती ओढायची, आणि अडचण सुटली नाही तर अख्खी ओळ थांबायची. तार तुटल्यावर मागाने जे करायचं, ते इथे माणसाने करायचं. इनोव्हा आणि तिच्याआधीची क्वालिस वापरणाऱ्यांची पंचवीस वर्षांची निश्चिंती या दोरीला टांगलेली आहे.

आता आपल्याकडचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, साकिचीहून दोन वर्षांनी धाकटे. बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष लागेल म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात, तरी हा माणूस हटला नाही. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. आमच्याकडून ती फार लांब नाही. या दोन घराण्यांची गाठ पडली १९९५ मध्ये, आणि तीही सूतकताईची यंत्रं बनवण्यासाठी. त्या कंपनीचं नाव किर्लोस्कर टोयोडा टेक्स्टाइल मशिनरी. मोटारीची कंपनी दोन वर्षांनी, १९९७ मध्ये आली, कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला. हे जुळवून आणणारे विक्रम किर्लोस्कर नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले, इनोव्हा हायक्रॉसचा पडदा उघडल्यानंतर चार-पाच दिवसांत. तुमच्या लेखात किर्लोस्कर हे नाव फक्त कंपनीच्या पाटीवर आलं. मराठी वर्तमानपत्राने निदान एक परिच्छेद द्यायला हरकत नव्हती.

क्वालिस २००० साली आली तेव्हा तिच्या रूपाला लोक हसले होते. इंडोनेशियात आधीच जुनं झालेलं मॉडेल, पावाच्या डब्यासारखं चौकोनी. पण सुमो आणि ट्रॅक्सवर वाढलेल्या आमच्या भागातल्या ड्रायव्हरांनी महिन्याभरात ओळखलं की हिचं इंजिन आवाज करत नाही आणि संध्याकाळी मेस्त्रीकडे जावं लागत नाही. २००५ मध्ये ती ऐन खपात असताना कंपनीने बंद केली आणि इनोव्हा आणली. तेव्हा बाजारात लोक हळहळले होते. एमएच ०९ ची एक क्वालिस अजून आमच्या गल्लीतून शाळेची पोरं घेऊन जाते.

माझी इनोव्हा २००९ ची, चंदेरी, सांगलीच्या एका लग्नसराईवाल्याकडून घेतलेली. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, मागच्या चाकांना ताकद. खर्च काहीच नाही असं म्हणणारा मालक खोटं बोलतो. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलावा लागतो, इंजेक्टर एकदा गेले तेव्हा बिल बघून घरात दोन दिवस कुणी बोललं नाही, आणि खालचे रबरी बुश आमच्या रस्त्यांवर टिकत नाहीत, त्याला गाडी काय करणार. पण या गाडीने काही बिघडायच्या आधी सांगितलं नाही असं झालेलं नाही. पॅनेलवर दिवा लागतो, आवाज बदलतो, स्टिअरिंगला हात जड लागतो. पंढरपूरला जाताना घरातली म्हातारी माणसं मागच्या सीटवर झोपतात, ती उगीच नाही. नवी हायक्रॉस पेट्रोल आणि बॅटरीवर चालते, ताकद पुढच्या चाकांना. ती चांगली असेलही. ड्रायव्हरमंडळी अजून क्रिस्टाच्या, म्हणजे तिच्याआधीच्या इनोव्हाच्या, डिझेलची चौकशी करतात, यावरून काय ते समजा.

आता ज्यासाठी मुळात पेन उचललं ते. लेखात टोयोटाच्या गुणवत्तेवर 'डोळे मिटून विश्वास' असे शब्द आहेत. २९ जानेवारी २०२४ ची बातमी लेखकाने वाचली नसावी. टोयोटाच्या तीन डिझेल इंजिनांच्या प्रमाणीकरणात गैरप्रकार झाल्याचं त्या दिवशी जाहीर झालं. अश्वशक्ती मोजताना गाड्यांत बसणाऱ्या सॉफ्टवेअरहून वेगळं सॉफ्टवेअर वापरलं, म्हणजे आकडे सरळ यावेत. क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सचा पुरवठा इथेही काही दिवस थांबवला गेला. आणि ही इंजिनं बनवणारी कंपनी कोणती? टोयोटा इंडस्ट्रीज, साकिचीने १९२६ मध्ये माग बनवायला काढलेली तीच मूळ कंपनी. त्याआधी महिनाभर दायहात्सु या टोयोटाच्याच कंपनीतल्या सुरक्षा चाचण्यांचा घोटाळा बाहेर आला होता. चौकशीत निघालं ते असं, की वरून मुदतीचा दट्ट्या होता आणि खालच्यांना 'जमणार नाही' म्हणायची सोय नव्हती. तार तुटलेली दिसत होती, माग चालू ठेवला. माझ्या गाडीला त्याने काही फरक पडला नाही. माझ्या मताला पडला.

म्हणून एक मागणं आहे. ३१ जुलै २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरजवळ वीस हजार कोटींच्या कारखान्याचा करार टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी केला. तेव्हापासून वर्तमानपत्रांत कोटींचे आणि नोकऱ्यांचे आकडे येतात, जागेच्या भावांचेही येतात. बिडदीच्या कारखान्यात २०१४ आणि २०२० मध्ये टाळेबंदी झाली होती, दुसऱ्या वेळी कामाच्या बोजाबद्दल कामगारांची तक्रार होती, हे कुणी लिहिताना दिसत नाही. आपल्या बातमीदाराला बिडदीला पाठवा. ओळीवर उभ्या असलेल्या, आयटीआय करून लागलेल्या पोराला विचारायला सांगा की दोरी तुझ्या हाताशी आहे का, गेल्या महिन्यात कुणी ओढली का, आणि ओढल्यावर सुपरवायझर काय म्हणाला. एवढं छापलंत तर संभाजीनगरच्या पोरांना अर्ज भरण्याआधी उपयोग होईल, आणि मलाही पुढची गाडी कोणती घ्यायची ते ठरवता येईल.

आपला,
एक खर्चीवाला यंत्रमागधारक,
इचलकरंजी, जि. कोल्हापूर