काका, तुमची ट्यूब अजून माझ्याकडेच आहे

काका,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच चेनला तेल कधी घातलंस म्हणून विषय बदलता, त्यामुळे शेवटी इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता बदलून दाखवा. शिवाय दर सप्टेंबरला केंब्रिजला नवीन मराठी पोरंपोरी येतात, सेकंडहँड रोड बाइक घेतात, आणि मला विचारतात की राइडला कुठं जायचं. मी जे काही सांगतो ते सगळं तुमच्याकडून ढापलेलं असतं. एकदा कबूल करून टाकतो.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. मला येऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. पुण्यात बोपदेव, कात्रज, महिन्यातून एखादा सिंहगड असं करणारा माणूस मी, त्यामुळे नकाशात केंब्रिजच्या उत्तरेचा फेन्स नावाचा सपाट भाग बघितला, 70 किलोमीटरच्या राइडला शंभर मीटरसुद्धा चढ नाही, आणि हसू आलं, म्हटलं आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून बाहेर पडायला याहून जास्त चढ लागतो. सकाळी निघालो, लोड, विकन ही गावं करत इली या छोट्या शहरात पोचलो तो तीसच्या ॲव्हरेजने, आणि आपण काय भारी फिट आहोत या खुशीत कॅथेड्रलसमोर फोटोबिटो काढून घरी पाठवले. वारा पाठीशी होता हे डोक्यातसुद्धा आलं नाही. पाठीमागून असला की वारा जाणवतच नाही, सगळी कमाई आपल्या पायांची वाटते.

परत फिरलो आणि वरात निघाली. सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूला काळी कुळकुळीत माती, ना झाड ना घर ना भिंत, आणि समोरून नैऋत्येचा वारा असा की पेडल मारायचं थांबलं की सायकल जागच्या जागी उभी. चौदाचा स्पीड. घाटात निदान वळण येतं, माथा येतो, वर चहाची टपरी असते, इथे तेच शेत, तोच रस्ता, तोच वारा. त्यात पंक्चर. ट्यूब बदलली, दहा मिनिटात परत पंक्चर, आणि दुसरी ट्यूब नाही. मी रस्त्याच्या कडेला उभं राहून पोटातून ओरडलो, आईच्या गावात!

आणि मागून आवाज आला, "कुठलं गाव म्हणायचं?"

काका, शप्पथ, मला वाटलं ऊन लागलं. ऊन नव्हतंच तसं. पिवळं जॅकेट, स्टीलची जुनी सायकल, मडगार्ड, मागे कापडी सॅडलबॅग, आणि हेल्मेटखाली आपल्याकडच्या रिटायर्ड मास्तरांसारखा चेहरा. तुम्ही उतरलात, नाव-गाव काही न विचारता आधी टायर काढायला लावलात, आणि खिशातून रुमाल काढून टायरच्या आतून हळूहळू फिरवलात. मला कळेना हे काय चाललंय, पुसताय कशाला. एका जागी रुमालाचा दोरा अडकला. तिथे आतून जेमतेम तांदळाएवढं टोक आलेलं काट्याचं, बाहेरून बघितलं तर दिसतसुद्धा नव्हतं. "हॉथॉर्न. कुंपणं छाटतात या दिवसांत, सगळे काटे रस्त्यावर. काटा काढला नाहीस, नुसती ट्यूब बदललीस, मग दुसरं काय होणार." मग तुमची ट्यूब, तुमचा पंप, तुमची दाण्याची चिक्की आणि बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत. इलीपासून दहा किलोमीटरवर कोकम सरबत! मी थँक्यू म्हटलं तर म्हणालात, थँक्यू नको, ट्यूब परत दे.

त्या दिवशी घरापर्यंत तुम्ही पुढे आणि मी मागे. माझ्या दुप्पट वयाचा माणूस मला वाऱ्यातून ओढून नेतोय याची लाज वाटत होती पण मागे तुमच्या आडोशाला राहिल्यावर इतकं बरं वाटत होतं की लाज गिळली. रस्ता काटकोनात वळला की वारा उजवीकडून यायचा, तेव्हा तुम्ही हातानेच खुणावायचात की बरोब्बर मागे राहू नकोस, जरा डावीकडे सरक, आडोसा तिकडे आहे. हे मला पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं, गरजच पडली नव्हती.

नंतर हळूहळू तुमचं सगळं शास्त्र कळत गेलं. तुम्ही रूट ठरवतच नाही, आधी वारा बघता. इथे बहुतेक दिवस वारा नैऋत्येचा, म्हणजे ज्याला केंब्रिजहून इलीला जाऊन त्याच दिवशी सायकलनेच यायचंय त्याने जाताना मजा करायची आणि येताना फेडायची. तुमचा उपाय साधा, वाऱ्याबरोबर जायचं आणि ट्रेनने यायचं. केंब्रिज, वॉटरबीच, इली, लिटलपोर्ट, डाउनहॅम मार्केट, किंग्ज लिन ही एकच लाइन आहे, दम असेल तिथपर्यंत वारा पाठीशी घेऊन जा आणि दम संपला की स्टेशन गाठ. वारा ईशान्येचा असेल तर उलटं, ट्रेनने इली आणि सायकलने घरी. मी आधी म्हणायचो की ट्रेन म्हणजे चीटिंग. आता म्हणत नाही. फक्त ऑफिसच्या गर्दीच्या वेळी काही ट्रेनमध्ये सायकल घेऊन चढता येत नाही, ते नवीन लोकांनी आधी बघून ठेवा.

आणि ए-टेन हायवेने जाऊ नका रे बाबांनो. नकाशात इलीचा सरळ रस्ता तोच दिसतो पण ट्रक असे घासून जातात की जीव नको होतो. काकांचा रस्ता क्वाय, लोड ही गावं आणि मग लोड्स वे हा सायकलींचा रस्ता. पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं, कारण रीच लोड नावाच्या कालव्यावर 2010 साली बांधलेला पूल आहे तोच अख्ख्या वाटेवरचा घाट, आणि पुढे विकन फेन, जिथे 1899 मध्ये नॅशनल ट्रस्टने पहिली दोन एकर जागा घेतली, आणि आता कोनिक जातीची बुटकी घोडी मोकळी चरत असतात. जवळच अपवेअरला नदीकाठी एक पब आहे, नाव 'फाइव्ह माइल्स फ्रॉम एनिव्हेअर, नो हरी इन'. काका, तुम्ही पहिल्यांदा ते नाव सांगितलंत तेव्हा मला थाप वाटली होती.

बसवेच्या बाबतीत मात्र आपलं जमायचं नाही. केंब्रिज ते सेंट आइव्हज, गायडेड बसच्या रुळासारख्या कॉंक्रीटशेजारून जाणारा तो सपाट गुळगुळीत रस्ता तुम्हाला आवडतो, मला वीस मिनिटांत झोप येते. हिवाळ्यात फेन ड्रेटनच्या तळ्यांपाशी पाणी चढतं तेव्हा जरा मजा असते, पण तेव्हा जाता येत नाही.

तुमच्यामुळे मला सगळ्यात भारी काय बघायला मिळालं तर ते म्हणजे नदी डोक्यावर. टेन माइल बँकच्या त्या रस्त्याने डेन्व्हरच्या स्लुइसकडे, म्हणजे नदीचं पाणी अडवणाऱ्या दरवाजांकडे जाताना तुम्ही मध्येच थांबवलंत आणि बांधावर चढायला लावलंत. एका बाजूला आपण आलो तो रस्ता आणि शेतं, खाली, आणि दुसऱ्या बाजूला ग्रेट ऊझ नदी, वर. मला दोन मिनिटं काही कळेना, नदी उंचावर आणि शेत खाली कसं. मग तुम्ही सांगितलंत की हे सगळं दलदल होतं, सतराव्या शतकात अर्ल ऑफ बेडफर्डने डच इंजिनियर फरमॉइडनला आणून सरळ रेषेत कालवे खणले, 1651 मध्ये दुसरा मोठा, शंभर फुटी, पहिल्याला समांतर, आणि पाणी निघून गेल्यावर खालची पीट, म्हणजे कुजलेल्या झाडापाल्याची माती वाळली, आकसली, वाऱ्याने उडाली, जमीन खचत गेली आणि नद्या आपल्या बांधांमध्ये वरच राहिल्या. म्हणून शेतातलं पाणी आज पंपाने वर नदीत चढवतात. जूनमध्ये आपण होम फेनला गेलो तो लोखंडी खांब बघायला, 1851 च्या सुमारास गाडला तेव्हा त्याचं टोक जमिनीबरोबर होतं, आता चार मीटर वर. मी पाच फूट सात. खांबाला टेकून मान वर करून बघत होतो आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, तू आत्ता समुद्राच्या खाली उभा आहेस, केळं खा.

रस्ते असे लाटांसारखे वरखाली का होतात तेही त्याच मातीमुळे, आणि कोरड्या उन्हाळ्यात डांबराला लांबच्या लांब भेगा पडतात, रस्त्याच्या दिशेनेच, पंचवीस मिलिमीटरचं टायर अख्खं आत जाईल अशा. तुम्ही सांगून मी ऐकलं नाही, एकदा प्रिकविलोच्या बाजूला आपटलो, मग गुपचूप अठ्ठावीसची टायरं घातली. मडगार्डचंही तसंच, बीटाचा सीझन सुरू झाला की ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेला चिखल पाठीवर घेऊन मी किती वेळा घरी गेलो असेन. आता माझ्याही सायकलला मडगार्ड आहेत. हसू नका.

अजून एक राहिलं. इलीचं कॅथेड्रल लांबून दिसतं, तिथले लोक त्याला शिप ऑफ द फेन्स म्हणतात, आणि पहिल्या वर्षी मला त्याचा फार राग यायचा, कारण दिसतं पण येत नाही. पुण्यात कुठूनही सिंहगडावरचा टीव्ही टॉवर दिसतो तसं. आईचा फोन आला आणि विचारलं कुठंयस, तर एकदा मी सवयीने म्हणून गेलो, टॉवर दिसतोय, येतोच अर्ध्या तासात. तुम्ही शेजारीच होतात, काही बोलला नाहीत, फक्त पुढे येऊन वारा अंगावर घेतलात. माझ्या लक्षात आहे ते.

तर काका, ट्यूब घेऊन ठेवलीये, नवीन, तुमच्याच साइजची, लांब व्हॉल्व्हची. रविवारी वारा ईशान्येचा दाखवतायत. सकाळी आठच्या आसपासची इलीची ट्रेन धरतोय, वॉटरबीचला पुढच्या डब्याच्या दारात उभा असेन, सायकल घेऊन चढा. परत येताना पुढे मी राहणार. चिक्की तुमच्याकडे.