'लिंक नाही' म्हणजे नेमकं काय नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं होतं, की ठेवीचं व्याज काढायला पतसंस्थेत तीन हेलपाटे घातले आणि तिन्ही वेळा काउंटरवर 'लिंक नाही' एवढंच उत्तर मिळालं. त्यांचा राग रास्त आहे. मी १९ वर्षं सांगली जिल्ह्यातल्या पतसंस्था आणि दवाखान्यांची नेटवर्क सांभाळते, त्यामुळे त्या दोन शब्दांमागे काय काय असतं ते मला रोज दिसतं. रस्ता खोदताना केबल तुटते, वीज जाते, बिल थकतं. ही कारणं सगळ्यांना कळतात. पण एक कारण असं आहे, की केबल शाबूत असते, वीज असते, राऊटरचे दिवे हिरवे असतात आणि तरीही शाखा बंद पडते. त्याबद्दल संचालक मंडळाच्या बैठकीत कधी चर्चा झालेली मी ऐकली नाही, म्हणून हे पत्र.

शाखेतला राऊटर आणि मुख्यालयातला राऊटर सतत एकमेकांशी बोलत असतात. राऊटरांनी एकमेकांना रस्ते कळवायची आमच्याकडे जी ओएसपीएफ पद्धत चालते तिच्यात सहसा दर १० सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप जातो. ४० सेकंद निरोप आला नाही, की शेजारी गेला असं धरून त्याच्याकडचे रस्ते काढून टाकले जातात. आता या निरोपावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? उद्या कुणी मधेच आपला डबा त्या तारेला जोडून 'मुख्यालयाकडे जायचा रस्ता माझ्याकडून आहे' असं सांगू लागला, तर शाखेचा सगळा व्यवहार त्याच्या हातून जाईल. म्हणून दोन्हीकडे एकच गुप्त किल्ली ठेवलेली असते. प्रत्येक निरोपासोबत त्या किल्लीने काढलेली खूण जाते. समोरचा आपल्या किल्लीने तीच खूण काढून बघतो आणि जुळली तरच निरोप आत घेतो. यात निरोप झाकला जात नाही, तो कुणाकडून आला एवढंच पक्कं होतं.

ही किल्ली संस्थेची मालमत्ता आहे, तिजोरीच्या किल्लीइतकीच. पण तिजोरीच्या किल्लीची नोंद असते, दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या असतात, अधिकारी बदलला की ताबापावती होते. राऊटरच्या किल्लीचं काय होतं ते माझ्या अनुभवातून सांगते.

२०१९ च्या महापुरानंतर ११ शाखांच्या एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे आलं. आधीचे गृहस्थ प्रामाणिक आणि कामाला चोख. पण सगळ्या किल्ल्या त्यांच्या एका वहीत, आणि वही गावभागातल्या घरात. त्या ऑगस्टमध्ये गावभागात पाणी कुठवर आलं होतं ते सांगलीकरांना सांगायला नको. ती वही त्यांनी माझ्या हातात दिली तेव्हा पानं एकमेकांना चिकटलेली होती आणि बॉलपेनची शाई फुटून निळे डाग पडले होते. एका पानावर 'जत' एवढं वाचता येत होतं, पुढचं काही नाही. शेवटी किल्ली मला राऊटरमधूनच मिळाली. तिथे ती आकड्या-अक्षरांत गुंडाळून ठेवलेली असते, पण काही राऊटरांत ते गुंडाळणं इतकं कच्चं असतं, की फुकट मिळणाऱ्या साधनाने क्षणात उलगडतं. उलगडल्यावर बघते तो काय, २०११ पासून ११ही शाखांना एकच किल्ली, आणि ती किल्ली म्हणजे संस्थेच्या नावाचं लघुरूप आणि स्थापनेचं साल. आठ वर्षांत काम सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाला ती पाठ असणार.

मी ती बदलायला घेतली आणि माझी चूक झाली. रविवारी रात्री मुख्यालयातून जतच्या राऊटरवर नवी किल्ली घातली. त्याच क्षणी त्याची खूण जुळेना झाली, ४० सेकंदांत शेजार तुटला आणि ज्या रस्त्याने मी तिथे पोचले होते तो रस्ताच गेला. मिरज, कवठेमहांकाळ करत पहाटे जतला पोचले, शाखेच्या शिपायाला उठवून शटर उघडलं आणि सकाळी ग्राहक यायच्या आत काम संपवलं. अशी धावपळ एकदा झाली की पुन्हा किल्लीला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. 'चाललंय ना, मग राहू दे.' जिल्ह्यात किती तरी ठिकाणी वर्षानुवर्षं त्याच किल्ल्या राहतात त्या याच भीतीने.

यावर उपाय जुना आहे. एका किल्लीऐवजी किल्ल्यांचा जुडगा ठेवायचा, आमच्या बोलीत की-चेन. जुडग्यातल्या प्रत्येक किल्लीला क्रमांक आणि दोन मुदती. ही किल्ली वापरून निरोप कधीपासून कधीपर्यंत पाठवायचे, ही एक. समोरून या किल्लीने आलेले निरोप कधीपासून कधीपर्यंत स्वीकारायचे, ही दुसरी. दुसरी मुदत मुद्दाम ऐसपैस ठेवायची. समजा, नवी किल्ली १ मेपासून पाठवायला लागायची आहे, तर ती १५ एप्रिलपासूनच स्वीकारायची आणि जुनी १५ मेपर्यंत स्वीकारत राहायची. एक राऊटर थोडा आधी आणि दुसरा थोडा उशिरा बदलला तरी मधे खंड पडत नाही.

हे मी २०२२ मध्ये सुरू केलं, हाताने टाइप करून, आणि त्यातही एक गोम निघाली. शाखांत दोन कंपन्यांचे राऊटर. एकाने मी दिलेली वेळ भारतीय वेळ म्हणून घेतली, दुसऱ्याने जागतिक वेळ म्हणून. त्यामुळे १ मेच्या मध्यरात्री अर्ध्या शाखा नव्या किल्लीवर गेल्या आणि उरलेल्या पहाटे साडेपाचला. पंधरा दिवसांची सवड होती म्हणून काही अडलं नाही. मला तर ते आठवडाभराने राऊटरच्या नोंदी, म्हणजे लॉग, वाचताना कळलं. सवड तासाभराची ठेवली असती, तर पुन्हा जतची वाट धरावी लागली असती.

या गोमेमुळे मी मुळाशी जाऊन वाचायला लागले. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने या जुडग्यासाठी एक ठरावीक नमुना जून २०१७ मध्येच प्रसिद्ध केला आहे. आरएफसी ८१७७ असा त्याचा क्रमांक. तो यांग नावाच्या भाषेत लिहिलेला आहे आणि कुणालाही फुकट वाचता येतो. आपल्याकडे ज्यांची शेती आहे त्यांना हा नमुना लगेच कळेल, कारण तो गाव नमुना सातसारखा आहे. तलाठी कुणीही असो, शिराळ्याचा असो की आटपाडीचा, रकाने तेच, आणि कुठला रकाना काय सांगतो यावर वाद नाही. तसंच इथे. जुडग्याचं नाव, वर्णन, शेवटचा बदल कधी झाला त्याची तारीख, म्हणजे आपली फेरफाराची नोंद. मग प्रत्येक किल्लीचा क्रमांक, पाठवायची मुदत, स्वीकारायची मुदत, खूण काढायची पद्धत. ही किल्ली आत्ता पाठवण्यासाठी चालू आहे का आणि स्वीकारण्यासाठी चालू आहे का, हे राऊटरला विचारलं की तो 'हो' किंवा 'नाही' सांगतो. आणि माझ्या गोमेचं उत्तरही तिथेच होतं. या नमुन्यात तारीख लिहितानाच तिच्या शेपटीला कुठल्या देशाची वेळ ते लिहावं लागतं, आपल्यासाठी अधिक ५:३०. कंपनी कुठलीही असो, गैरसमजाला जागाच उरत नाही.

सातबारा कुणीही बघू शकतो, इथे मात्र एक रकाना बंद असतो. किल्लीचा मजकूर मुळातच कुणालाही वाचता येत नाही, ज्याला वेगळी परवानगी दिली त्यालाच. साठवतानाही तो एईएस पद्धतीने गुंडाळून ठेवायची सोय नमुन्यात आहे, आणि हे गुंडाळणं सहज उलगडणारं नव्हे. मुदती, क्रमांक, तारखा हिशेबतपासनीस खुशाल बघू शकतात, मजकूर नाही. पुरात भिजलेली ती वही हातात घेतलेल्या माणसाला याचं मोल किती वाटतं, ते मी काय सांगू.

पण तारखांवर चालणारी गोष्ट घड्याळावर अवलंबून असते, आणि हा धडा मला २०२३ च्या दिवाळीआधीच्या सोमवारी मिळाला. रविवारी जतला दिवसभर विजेचं काम निघालं होतं, यूपीएस पूर्ण उतरला. सोमवारी दहाला शाखाधिकाऱ्यांचा फोन. 'मॅडम, लाइट आहे, दिवे सगळे हिरवे आहेत, पण आत काहीच येत नाही. बाहेर पन्नास माणसं उभी आहेत.' डाळिंबाचे पैसे जमा झालेले, मजुरांची देणी द्यायची, पोरांना कपडे घ्यायचे. त्यांच्या फोनमधून मागची कुजबुज मला ऐकू येत होती, कुणीतरी म्हणालं, 'लिंक नाही म्हणत्यात.'

मी त्यांना लॅपटॉपची वायर राऊटरला लावायला सांगितली आणि एक आज्ञा अक्षर अक्षर सांगून टाइप करून घेतली. उत्तर त्यांनी वाचून दाखवलं: एक जानेवारी, आणि साल कित्येक वर्षं मागचं. राऊटरमधला घड्याळाचा सेल मेला होता. त्या घड्याळाच्या हिशेबाने जुडग्यातल्या एकाही किल्लीची मुदत अजून सुरूच झाली नव्हती, म्हणून राऊटर गप्प बसला होता. बरोबर वेळ त्याला नेटवर्कवरून मिळायची, पण ती मुख्यालयातून, म्हणजे त्याच तुटलेल्या रस्त्याने. वेळ नाही म्हणून किल्ली नाही, किल्ली नाही म्हणून रस्ता नाही, रस्ता नाही म्हणून वेळ नाही. तारीख हाताने घातली आणि मिनिटभरात शेजार जुळला. शाखाधिकारी काही न बोलता फोन तसाच चालू ठेवून काउंटरकडे गेले, आणि पहिली पावती छापल्याचा आवाज मी ऐकला.

त्यानंतर आम्ही सेल बदलले आणि प्रत्येक शाखेचा राऊटर आता वेळ तारेच्या पलीकडच्या थेट शेजाऱ्याकडून घेतो. तिथे पोचायला ओएसपीएफने शिकवलेला रस्ता लागत नाही. मुख्यालयाचं घड्याळ राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलेलं आहे. केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, किंवा या प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलंच आहे. पुष्कळ संस्थांनी तो कागद फाइलला लावला आणि शाखेतल्या राऊटरचं घड्याळ कुणी बघितलं नाही.

पतसंस्था, दवाखाने, नगरपालिका यांच्या पदाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. देखभालीच्या करारात आणि नव्या राऊटरच्या निविदेत या गोष्टी लिहून घ्या. राऊटर आरएफसी ८१७७ चा नमुना समजणारा हवा. किल्ल्या जुडग्यात, मुदतीसह हव्यात, आणि संस्थेच्या नावावर, ठेकेदाराच्या वहीत नकोत. खूण काढायला एचमॅक-शा-२५६ किंवा त्याहून भक्कम पद्धत हवी. खूण काढायच्या एमडी५ या जुन्या पद्धतीतली खोट २००४ मध्येच जगापुढे आली आणि ओएसपीएफला नव्या पद्धतींची परवानगी २००९ मध्ये मिळाली, तरी मला आजही शाखाशाखांत एमडी५ सापडतं. नमुन्यात एमडी५ ला जागा आहे ती जुन्या यंत्रांसाठी. त्याचा आधार घेऊन कुणी तुम्हाला नवं यंत्र तसंच बसवून देऊ लागलं तर नाही म्हणा.

कुणी म्हणेल, एवढं केलं की सगळं सुरक्षित झालं का? नाही. किल्ली फक्त शेजारी खरा आहे हे सांगते, खरा शेजारी चुकीचा रस्ता सांगत असेल तर ती काही करू शकत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानातून चुकीचे रस्ते जाहीर झाल्याने यूट्यूब जगात बऱ्याच ठिकाणी बंद पडलं होतं. तो वेगळा विषय आणि त्याचे उपायही वेगळे आहेत. पण त्या शिक्षकांचे तीन हेलपाटे जर किल्लीपायी किंवा घड्याळापायी झाले असतील, तर ते टाळता येण्यासारखे होते. त्यांनी आपल्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेत उभं राहून विचारावं: राऊटरच्या किल्ल्या शेवटच्या कधी बदलल्या, आणि त्याची नोंद कुठे आहे? ठेवीदार सभासदाला तो हक्क आहे.

आमच्या ११ शाखांची पुढची किल्ली १ मेच्या मध्यरात्री लागू होईल. जुडग्यात ती आत्ताच घालून ठेवली आहे, १५ एप्रिलपासून सगळे राऊटर ती ओळखू लागतील, आणि त्या रात्री जतच्या शाखेचं शटर कुणाला उघडावं लागणार नाही.

आपली नम्र,
एक नेटवर्क देखभाल करणारी वाचक
विश्रामबाग, सांगली