केरीच्या सड्यावरून, आई-बाबांना

केरी, पेडणे
४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं बोलून होत नाही. आई अर्ध्यावर फोन बाबांच्या हातात देते आणि बाबा "बरं, जेवलीस का?" एवढं विचारून ठेवून देतात. म्हणून लिहायला बसले आहे. आई, चष्मा लाव आणि पहिल्या ओळीपासून वाच. मधलंच एखादं वाक्य धरून बसू नकोस.

वेर्ण्याच्या नोकरीचा मी राजीनामा दिला आहे. नोटिशीचा काळ पूर्ण केला, हिशेब मिळाला, पीएफला हात लावलेला नाही. कंपनीत कुणाशी वाजलं नाही, कुणी काही बोललं नाही. आई, तुझा पहिला प्रश्न तोच असणार, म्हणून आधीच सांगते. पावसाला सुरुवात होईपर्यंत मी केरीलाच राहणार आहे. केरी म्हणजे आपली अंजुणे धरणाजवळची नव्हे, पेडण्यातली, जिथून तेरेखोलची फेरीबोट सुटते ती. इथे पॅराग्लायडिंग शिकायला येणाऱ्यांना जमिनीवर विंग, म्हणजे उडायचा कापडी पंख, हाताळायला शिकवायचं, सगळ्यांचं सामान तपासायचं आणि वारा देईल तेव्हा स्वतः उडायचं, हे माझं काम. पगार वेर्ण्यापेक्षा कमी आहे, पण इथे खर्चही कमी आहे. वर्षभर पुरेल एवढे पैसे मी बाजूला काढून ठेवले आणि मगच राजीनामा लिहिला. मेडिक्लेम चालू आहे, त्याचा कागद कपाटात बाबांच्या फायलीत आहे.

तुम्हांला जानेवारी आठवतोय, हे मला ठाऊक आहे. १८ तारखेला याच सड्यावरून, म्हणजे समुद्रावरच्या या पठारावरून, उडालेली पुण्याची मुलगी आणि तिचा पायलट, दोघंही उड्डाणानंतर लगेच दरीत कोसळून गेले. बाबांनी तो पेपर घडी करून उशीखाली सारला होता, आईच्या हाती लागू नये म्हणून. आईने तो आधीच वाचला होता. मी त्या कडेवरून रोज जाते आणि त्या दोघांची आठवण आल्याशिवाय जात नाही. आणि दादाच्या मोटारसायकलनंतर तुम्ही काय सोसलंत ते मी पाहिलं आहे. त्यात भर घालायला मी इथे आलेले नाही. म्हणूनच इथे काय करते ते बारीकसारीक लिहिते, म्हणजे रात्री पडल्या पडल्या मनात नको ती चित्रं यायची नाहीत.

बाबा, पाचवीच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे तुम्ही माझ्याकडून जेवणाच्या ताटावर पाठ करून घेतले होते. इथलं सगळं त्या खाऱ्या वाऱ्यावर चालतं. ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत शिरते. दुपारी बारा-एकला हा वारा लागतो, तीन-चारला भरात असतो, सूर्य खाली गेला की पडतो. हरमल आणि केरीच्या मधला हा जांभ्याचा सडा समुद्राला तोंड करून उभा आहे. वारा येऊन त्याच्या कड्यावर आदळतो, पुढे वाट नसते म्हणून वर चढतो. त्या चढणाऱ्या हवेच्या पट्ट्यात विंग तरंगत राहते. पट्ट्यातून बाहेर पडलं की हळूहळू उंची कमी होते आणि खाली वाळूवर उतरता येतं.

भीती असते ती कड्याच्या पाठच्या बाजूची. तिथे हीच हवा गिरक्या घेत खाली कोसळते, त्याला रोटर म्हणतात. माझ्या विंगचा हवेतला वेग ताशी ३६-३७ किलोमीटर. समोरून ३० चा वारा असेल तर मी जेमतेम सहा-सातने पुढे सरकणार. वारा त्याहून वाढला तर तोंड समुद्राकडे असूनही मागे जाणार, थेट त्या गिरक्यांत. म्हणून माझी हद्द २५ ची. हातातल्या मीटरवर झोत त्यावर जायला लागले की विंग पिशवीतून बाहेर काढायचीच नाही. खरं तर मीटरच्या आधी समुद्रच सांगतो. लाटांच्या माथ्यावर सगळीकडे पांढरा फेस दिसायला लागला की आम्ही चहा सांगतो. असे दिवस बरेच येतात. गेल्या आठवड्यात सलग तीन दुपारी आम्ही सगळे सड्यावर नुसते बसून होतो, पर्यटक येऊन विचारून जात होते आणि कुणीही उडालं नाही. तुम्ही तेव्हा इथे असायला हवं होतंत, असं मला फार वाटलं.

आता तपासणीचं. हे बाबांसाठी.

विंग गवतावर अर्धवर्तुळात पसरायची, पुढच्या कडेची तोंडं वर. त्या तोंडांतून हवा आत भरते, म्हणून कापडाला पंखाचा आकार येतो. मग दोऱ्या. दोन मिलिमीटरहून बारीक असतात, पण खालच्या मुख्य दोऱ्यांतली एकेक माझं वजन एकटीने पेलेल. विंगला प्रमाणपत्र देण्याआधी ठरलेल्या कमाल वजनाच्या आठपट भार घालून बघतात. तरीही मी दर वेळी दोऱ्या हाताने मोकळ्या करते. सड्यावर करवंदीच्या जाळ्या आणि वाळकं गवत. परवा एका विद्यार्थ्याच्या दोऱ्यांत बोटभर लांबीची गवताची काडी अडकली होती, दोन दोऱ्यांना आवळून. वरून बघताना दिसतही नव्हती, दोरी बोटांतून सरकवत गेले तेव्हा लागली. ती काढली, पुन्हा पहिल्यापासून दोऱ्या सोडवल्या आणि मगच त्याला उभा केला.

मग स्वतःचं. हेल्मेट आधी, कारण हार्नेसला, म्हणजे विंगला जोडणाऱ्या पट्ट्यांच्या बैठकीला, बांधून घेतल्यावर वाऱ्याने विंग अवचित उचलली तर डोकं उघडं असता कामा नये. मग पायांचे पट्टे. पायांचे पट्टे विसरून उडाल्यामुळे या खेळात माणसं गेली आहेत, त्यामुळे ते मी लावते, ओढून बघते आणि शेजारच्याला ओढून बघायला सांगते. छातीचा पट्टा, दोन्ही कॅराबिनर (विंग अडकवायच्या कड्या) बंद, रिझर्व्ह म्हणजे अडचणीच्या वेळच्या पॅराशूटची पिन जागेवर. शेवटी विंगकडे तोंड करून उभं राहायचं, पुढच्या दोऱ्यांना हलका ताण देऊन ती डोक्यावर आणायची आणि तिथे धरून बघायची. एक बाजू मिटली आहे, दोरी आडवी गेली आहे, काही जरी वाटलं तरी तिला खाली पाडायची. समोर आणि मागे दुसरा कुणी हवेत नाही हे बघून मगच वळायचं आणि पावलं टाकायची.

पहाटेची साखळी–पणजी बस काढायच्या आधी तुम्ही काय करायचात ते मी बॉनेटशेजारच्या सीटवर अर्धवट झोपेत बघत असे. टायरवर पाना मारून आवाज ऐकायचात, खाली वाकून तेल गळलंय का बघायचात, स्टँडातल्या स्टँडात ब्रेक दाबून बघायचात. कंडक्टर घंटी मारत राहायचा, लोक घड्याळ बघायचे, तुम्ही तुमच्याच गतीने. एवढी वर्षं कदंबची गाडी चालवून तुम्ही एका माणसाला खरचटू दिलं नाहीत. मी ते हातात घेऊनच इथे आले आहे, बाबा. कामशेतला शिंदेवाडीच्या टेकडीवर शिकताना आमचे सर विचारायचे की तुला तपासायची एवढी सवय कुठून. मी तुमचं नाव सांगितलं.

सामानही जपून ठेवते. नायलॉनच्या कापडाला उन्हाने खाल्लं की ते वरून धड दिसतं आणि आतून हवा सोडतं, म्हणून काम झालं की लगेच घडी घालून पिशवीत. इथे वाळू आणि खारं वारं आहे, त्यामुळे विंगच्या कप्प्यांतली वाळू रोज झाडून काढावी लागते. रिझर्व्ह सीझनच्या सुरुवातीला उघडून, हवा देऊन नव्याने घडी घातला. विंग वर्षातून एकदा तपासायला जाते, कापडाची आणि दोऱ्यांची ताकद मोजून कागद येतो. हवं तर बाबांना दाखवीन.

आई, तुझ्या डोक्यात आता पाणी आलं असणार. समुद्रावर उडते म्हणजे समुद्रात पडते असं नाही. आम्ही कड्याला धरून उडतो आणि वाळूवर उतरण्याएवढी उंची कायम हातात ठेवतो. भरतीला खालची वाळू आखडते, त्यामुळे भरती-ओहोटीची वेळ बघूनच दुपार ठरवतो. अंगात तरंगायचं जाकीट असतं. वळायचं ते नेहमी समुद्राकडे, कड्याकडे कधीच नाही. समोरून कुणी आलं तर ज्याच्या उजव्या हाताला कडा आहे त्याला वाट द्यायची, हे सगळे पाळतात. आणि मी एकटीच उडते. माणसं घेऊन उडायला वेगळं प्रशिक्षण लागतं, अनुभव लागतो. तो अजून माझ्यापाशी नाही, तोवर कुणाचा जीव मी माझ्या हार्नेसला अडकवणार नाही, कितीही पैसे देऊ केले तरी. पर्यटन खात्याची परवानगी नसलेल्यांकडे काम करायचं नाही, हेही मी ठरवून ठेवलं आहे.

तू विचारशील की मग हे करायचंच कशाला. मला नीट उत्तर देता येत नाही, आई. वेर्ण्याला दिवसभर पांढऱ्या दिव्याखाली बाटल्यांचे बॅच नंबर बघताना माझे डोळे कोरडे व्हायचे, संध्याकाळी घरी आले की तुझ्याशीही धड बोलत नसे. तू एकदा म्हणालीस, हिचा आवाजच कुठे गेला. तो इथे परत आला आहे. सड्यावरून उचललं गेलं की डावीकडे पालयेची गोड्या पाण्याची तळी दिसते, उजवीकडे तेरेखोलचा किल्ला, आणि मी मोठ्याने गाते. लहानपणी हरवळ्याच्या धबधब्याखाली गायचे तसंच, तू वरून "घसरशील" म्हणून ओरडायचीस ते. आत्ता हे लिहिताना तुझ्या मांडीवर डोकं ठेवून तेल लावून घ्यावंसं वाटतंय.

राहण्याची काळजी नको. खोली घरमालकीण काकींच्या मागच्या पडवीला लागून आहे, दाराला आतून दोन कड्या आहेत, मच्छरदाणी आहे, विहिरीचं पाणी गोड. सकाळी पोदेर पावाचे उंडे घेऊन येतो, दहा वाजता काकी मला हाक मारून पेज देतात, वर खारातला आंबा. रात्री एकटं वाटू नये म्हणून त्यांची नात माझ्याकडे अभ्यासाला बसते. म्हापशाच्या स्थळाचं मी विसरलेले नाही. त्यांना खरं ते सांग, मुलगी केरीला आहे, हे काम करते म्हणून. त्यावर ते नाही म्हणाले तर तू मनाला लावून घ्यायचं नाहीस. बाबांनी शेजाऱ्यांना काय सांगायचं ते मी ठरवत नाही, पण लपवल्यासारखं करू नका, त्याने मला वाईट वाटेल.

जून लागला की सगळं बंद. पावसात इथे कुणी उडत नाही. जूनपासून मी घरी आहे, चवथीची गणपतीवरची माटोळी मीच बांधणार, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही.

आता ऐका. आई, बीपीची गोळी सकाळचीच. "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. डबीवर मी वार लिहिलेत, ते बघ. गुडघ्याला तेल लावून उपयोग नाही, व्यायाम कर, व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवला आहे. वाळवंटी नदीवर पहाटे काळोखात जायचं नाही, विठ्ठल उजाडल्यावरही तिथेच असतो. बाबा, रात्रीची स्कूटर पूर्ण बंद, मोतीबिंदू निघेपर्यंत दिवसाही मेन रोडला नको. मला नियम पाळायला सांगता, तर तुम्हीही पाळा. मी रोज संध्याकाळी खाली उतरल्यावर मेसेज टाकीन. एखाद दिवशी उशीर झाला तर रेंज नाही असं समजायचं आणि मला नव्हे, काकींना फोन लावायचा, नंबर बाबांच्या मोबाइलमध्ये घातला आहे.

आणि नाताळाआधीच्या एखाद्या रविवारी दोघं या. साखळीहून म्हापसा, म्हापशाहून केरीची बस, शेवटच्या स्टॉपवर मी उभी असेन. सड्यावर शेवटचा चढ आहे, तिथे आईसाठी गाडी सांगून ठेवते. बाबांनी माझं सामान स्वतःच्या हाताने तपासावं, अशी माझी इच्छा आहे. पट्टे ओढून बघा, दोऱ्या बोटांतून सोडा. तुम्ही "नको" म्हणालात तर त्या दिवशी मी उडणार नाही.

तुमची,
छोटी

ता. क. – बाबा, मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू नका. गोमेकॉच्या इस्पितळात सोबतीला मीच येणार आहे, आदल्या रात्रीच घरी पोचते. येताना आईसाठी इथली सुकी सुंगटं (कोळंबी) आणीन. रविवारी इकडे याल तेव्हा माझी निळी शाल आणि वरच्या फळीवरचा थर्मास तेवढा आठवणीने घेऊन या.