चित्राच्या पाठीवरही चित्र असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला 'वारसा आणि आपलेपण' हा लेख वाचला. चित्रकथीला, म्हणजे एकेक चित्र दाखवत गाऊन कथा सांगण्याच्या कलेला, अर्धं पान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण चित्राखालची ओळ वाचून दोन दिवस जीव जळतो आहे. 'पैठण शैली, चित्रकार अज्ञात.' लेखातच सिंधुदुर्गाचा उल्लेख आहे, मग चित्राखाली पैठण कुठून आलं? पैठणकडे संग्राहकांना अशा पोथ्या मिळाल्या म्हणून ते नाव रुळलं, हे मान्य. ही कला पिढ्यान्पिढ्या जपणाऱ्या, आमच्या सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाचं नाव मात्र अख्ख्या लेखात एकदाही नाही. त्याच गावच्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. स्वतःच्या गोठ्यात त्यांनी या कलेचं संग्रहालय उभं केलं. एक फोन केला असता तरी कळलं असतं.

मी लहानपणी नवरात्रात आजीबरोबर देवळात चित्रकथी ऐकायला जायची. सांगणारे समईपुढे बसायचे. वीणा, टाळ आणि हुडुक हे छोटं चर्मवाद्य वाजत असायचं, आणि फळीला टेकवलेलं एकेक चित्र सरकत जायचं. आजी मला कोपराने ढोसायची, "निजू नको गो, आता रावण येतलो." चित्राची खालची कड बोटं लागून लागून काळी पडलेली असायची. एक प्रसंग सांगून झाला की सांगणारे पान उलटायचे आणि मागे पुढचा प्रसंग तयार असायचा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, आणि एका कथेच्या अशा सगळ्या पानांना मिळून पोथी म्हणतात.

गेल्या वर्षी मुंबईला लेकीकडे गेले होते, तेव्हा एका प्रदर्शनात अशीच चार पानं पाहिली. काचेच्या चौकटीत, भिंतीला ठोकलेली. तिथल्या बाईंना मी विचारलं, "मागच्या बाजूला काय आहे?" त्या म्हणाल्या, "मागे पुठ्ठा आहे, आजी." मी सांगितलं, पुठ्ठा नाही हो, पुठ्ठ्यामागे सीता आहे, नाहीतर जटायू आहे, तुम्ही तो भिंतीकडे तोंड करून कोंडला आहे. त्यांनी मला माहितीपत्रक दिलं. त्यातही 'अज्ञात लोककलाकार'च होतं. बाहेर येऊन मी लेकीपुढे रडले. ज्यांच्या बापजाद्यांनी ती पोथी पिढ्यान्पिढ्या सांभाळली, कुठल्या देवळात कुणी सांगायचं हेही ज्यांचं ठरलेलं होतं, ते अज्ञात कसे?

पोथीतलं एक पान सुटं करून विकलं की बाकीची कथा सांगता येत नाही. लेखात सगळं रंगांबद्दल आणि मोठ्या डोळ्यांबद्दल आहे, गाण्याबद्दल एक ओळ नाही. चित्र दाखवणारा गप्प बसला तर ती चित्रकथी उरत नाही.

जाता जाता आणखी एक. ही पुरवणी आम्हाला कुडाळात सोमवारी दुपारी मिळते. वर्गणी आम्हीही पूर्ण भरतो. वितरण विभागाला तीनदा कळवलं, उत्तर नाही.

येत्या रविवारी दुरुस्ती छापावी आणि त्यात पिंगुळी आणि ठाकर हे दोन्ही शब्द असावेत, ही विनंती. आणि तुमच्या छायाचित्रकाराला ते पान पुन्हा बघायला मिळालं, तर ते उलटून मागचं चित्रही छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कुडाळ