38 वह्या कुणाकडे देऊ? अतिथी बाईंचं शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री, मध्य प्रदेश शासन, यांना रामबाग, इंदूरहून सा. न.

साहेब, मी अतिथी शिक्षक, म्हणजे मानधनावरची तात्पुरती, वर्ग 2 (सहावी ते आठवी), गणित. होते म्हणायला हवं. गेल्या मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, नियमित शिक्षकाची जॉइनिंग झालीय, अतिथी मॅडम कल से न आएं. बास. अकरा वर्षांना एक ओळ, तीही सत्राच्या मधोमध. खाली कुणीतरी अंगठा दाखवलाय.

नवे सर आले त्याचं दुःख नाही हो, पोरांना कायमचा मास्तर मिळाला तर चांगलंच. पण सप्टेंबर 2023 मध्ये भोपाळला अतिथी शिक्षकांची महापंचायत भरवून तुमच्याच सरकारनं सांगितलं होतं, मानधन दुप्पट आणि करार पूर्ण वर्षाचा. दुप्पट झालं, 14 हजार, नाही कशाला म्हणू (इंदुरात दोन खोल्यांचं भाडं काय चाललंय ते एकदा विचारून बघा). कराराचं मात्र मुख्यमंत्री बदलले तसं कुणी नावच काढत नाही. अतिथी देवो भव म्हणे, आम्हाला जुलैत बसवायचं आणि मनात येईल तेव्हा विसर्जन.

आता मूळ गोष्ट. आठवीत एक मुलगी आहे, वडील पोह्यांचा ठेला लावतात. 98 गुणिले 102 दिलं होतं, तिनं सरळ गुणाकार करून 9,996 आणलं, मी सवयीनं वही परत सरकवली, "आ गया? अब दूसरे तरीके से." हे वाक्य माझं नाहीच. लहानपणी आमच्या बाई असंच करायच्या, "आलं ना? आता दुसऱ्या रीतीनं." मोठी हो, नाव काढ, असलं काही त्या कधी बोलल्या नाहीत, माझं नावसुद्धा त्यांना धड आठवत नसेल. पण सातच्या पोटात आडवी रेघ मी आजही मारते कारण त्या मारायच्या, आणि परवा वह्या तपासताना बघते तर निम्म्या वर्गाच्या सातला रेघ! मी शिकवली नव्हती, शप्पथ.

तर ती मुलगी दुसऱ्या दिवशी आलेख कागद घेऊन आली. शंभर बाय शंभर घरांचा चौरस, वरची दोन मिलिमीटरची पट्टी ब्लेडनं कापलेली आणि उभी करून बाजूला चिकटवलेली, कोपऱ्यात चार बारकी घरं बाहेर डोकावत होती, त्यांना लाल पेनाचा गोल. 10,000 उणे 4. भाताच्या शितांनी चिकटवलं होतं, वास येत होता. हे तिला कुणी मागितलं नव्हतं, पासिंगला 33 पुरतात.

याला तुमच्या जीएफएमएसवर, म्हणजे अतिथी शिक्षकांच्या पोर्टलवर, रकाना आहे का? स्कोर कार्ड आहे, ॲपवर हजेरी आहे, म्हणजे मी कुठे उभी होते ते सरकारला ठाऊक, काय शिकवत होते ते नाही. मागे दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह आणलंत, सहातले पाच विषय निघाले की पोरं पास व्हायची, सहावा बहुतेक गणितच. मग सीएम राइज नावाच्या सरकारी मॉडेल शाळा काढल्या, 2025 मध्ये त्यांचं नाव सांदीपनि केलं. छान आहे नाव, कृष्णाला शिकवताना सांदीपनींना कुणी कल से न आएं म्हटलं नव्हतं एवढंच. त्याच वर्षी मे मध्ये अख्खी कॅबिनेट आमच्या राजवाड्यात बसली, अहिल्यादेवींचं नाव घेतलं, रस्ते धुतले. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर ना आमचा, कचऱ्याची गाडी रोज वेळेवर गाणं वाजवत दारात येते, तेवढा नेम मास्तरच्या नोकरीला का नाही? आमच्यासारखे राज्यात सत्तरेक हजार आहेत म्हणतात, नीट मोजायला कोण बसलंय. पोर्टल मोजेल, सर्व्हर चालू असला तर.

दोन महिन्यांचं मानधन पेंडिंग आहे. करारावर उत्तर द्याल अशी आशा नाही, पण आठवीच्या 38 वह्या माझ्या घरी राहिल्यात, अर्ध्याच तपासून झाल्यात. शाळेत फोन केला तर म्हणे आता तुम्ही येऊ नका, शिपायाला पाठवू. चार दिवस झाले, शिपाई आला नाही. कुणाकडे देऊ तेवढं कळवा.

तुमची,
एक माजी अतिथी