जुन्या गाडीची थरथर : भाग बदलण्याआधी निदान हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर अलीकडे असा सल्ला छापून आला की, जुन्या मोटारीला चालताना अचानक थरथर सुटली तर चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे. सल्ला चुकीचा नाही, परंतु तो इतका अपुरा आहे की त्यावर विसंबणाऱ्या वाचकाचे पैसे खर्च होतील आणि थरथर तशीच राहील. अलाइनमेंट बिघडले की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वाकडे झिजतात. थरथरीशी त्याचा थेट संबंध क्वचितच असतो. बॅलन्सिंगचा संबंध जरूर असतो, पण इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या साखळीतले शाफ्ट (फिरते दांडे), त्यांचे जॉइंट (सांधे), क्लच, गिअरबॉक्स आणि या साऱ्यांना तोलून धरणारी रबरी माउंटिंग यांपैकी काहीही बिघडले तरी गाडीत बसलेल्या माणसाला जाणवते ती थरथरच. वाहनदुरुस्ती शिकवण्याच्या कामात अनेक वर्षे घालवल्यामुळे या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटतात.

थरथर कुठे जाणवते, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाके आणि आसन हलत असेल तर मागची चाके, हा ठोकताळा उपयोगी असला तरी गाडीचा सांगाडा कंप कुठून कुठेही वाहून नेतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ती केव्हा येते. ती गाडीच्या वेगाबरोबर बदलते, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलते की अ‍ॅक्सिलरेटरवरील दाबाबरोबर, एवढे कळले तरी एकही पाना न उचलता निम्म्याहून अधिक शक्यता बाद होतात.

त्यासाठीची चाचणी साधी आहे. सरळ, सपाट आणि रहदारी नसलेल्या रस्त्यावर गाडी थरथरीच्या वेगाला न्यावी, त्याच वेगात एक गिअर खाली टाकून पाहावे आणि नंतर न्यूट्रल करून गाडी आपोआप मंदावू द्यावी. इंजिन मात्र चालू राहिले पाहिजे. ते बंद केल्यास ब्रेकला आणि स्टिअरिंगला इंजिनाकडून मिणारी मदत जाते, आणि किल्ली पूर्ण फिरवली गेली तर स्टिअरिंग कुलूपबंद होण्याचा धोका असतो. गिअर बदलून इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या तरी थरथर त्याच वेगाला त्याच प्रकारे टिकून राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढे, म्हणजे चाकांसोबत फिरणाऱ्या भागांत आहे. ती इंजिनाच्या फेऱ्यांमागे गेली, तर इंजिन, क्लच आणि माउंटिंग यांच्याकडे वळावे. उभ्या गाडीत इंजिनाच्या फेऱ्या तेवढ्याच वाढवल्यावर तोच कंप पुन्हा आला, तर हे निदान जवळपास पक्के होते.

न्यूट्रलच्या चाचणीचा अर्थ लावताना मात्र अनेक कारागीरही घाई करतात. न्यूट्रलमध्ये थरथर थांबली म्हणजे दोष इंजिनात आहे, असा सरधोपट निष्कर्ष काढला जातो आणि मग स्पार्क प्लग, कॉइल, फिल्टर असे एकेक भाग बदलण्याचा सिलसिला सुरू होतो. वास्तविक न्यूट्रल करताच दोन गोष्टी एकदम बदलतात : इंजिन चाकांपासून सुटते आणि शाफ्टवरचा ताणही नाहीसा होतो. पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्सला लागून असलेला आतला जॉइंट नेमका याच ताणाखाली बोलतो. त्यात साधारणपणे तीन रोलर तीन खाचांतून मागेपुढे सरकत असतात. खाचांवर झिजेचे खड्डे पडले की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच रोलर अडखळतात आणि चाकाच्या प्रत्येक फेरीत तीन धक्के आडवे बसतात. गाडी जोर घेताना डावी-उजवीकडे डोलते, पाय उचलताच शांत होते, आणि चालकाला वाटते की इंजिनच दगा देत आहे. बाहेरचा जॉइंट, म्हणजे चाकाजवळचा, वेगळा ओळखू येतो. तो झिजला की स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे जाताना कटकट असा आवाज येतो.

झीज तर वर्षानुवर्षे होत असते, मग थरथर एका दिवसात कशी उपटते, असा प्रश्न वाचकांना पडेल. याचे एक कारण म्हणजे दोष एकटा नसतो. जॉइंटवरचे रबरी बूट केव्हातरी फाटलेले असते, ग्रीस उडून गेलेले असते, आत धूळ आणि पाणी शिरलेले असते. तरीही जॉइंट ज्या कोनात चालतो तिथे अजून पुरेसा गुळगुळीतपणा उरलेला असतो. मग एखादे इंजिन माउंटिंग खचते. जुन्या गाड्यांच्या अनेक माउंटिंगमध्ये रबराच्या आत द्रव भरलेला असतो. तो गळाला की इंजिन किंचित खाली येते किंवा झुकते, शाफ्टचा कोन बदलतो आणि रोलर आजवर न गेलेल्या जागी जाऊ लागतात. स्प्रिंग बदलून गाडी उंच केल्यावरही असेच घडते. अशा वेळी नवा शाफ्ट टाकून माउंटिंग तसेच ठेवले, तर आराम मिळतो पण टिकत नाही. माउंटिंग तपासण्यासाठी गाडी ब्रेक दाबून उभी ठेवावी, बॉनेट उघडावे आणि दुसऱ्या माणसाने बाजूला उभे राहून, गाडीसमोर नव्हे, पुढच्या आणि मागच्या गिअरमध्ये हलकेच जोर देताना इंजिन किती उचलले जाते ते पाहावे.

मागची चाके ढकलणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट असतो आणि तिथला हिशेब थोडा निराळा आहे. साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगाला सेकंदाला १५च्या आसपास फेऱ्या घेते. डिफरन्शिअलचे, म्हणजे शाफ्टची ताकद मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या संचाचे, गुणोत्तर ४ असेल तर शाफ्ट त्याच वेळी सुमारे ६० फेऱ्या घेतो. म्हणूनच चाकाचा दोष ठळक, जवळजवळ मोजता येईल अशा हादऱ्यांसारखा जाणवतो, तर शाफ्टचा दोष बारीक, कानात घुमणाऱ्या गुरगुरीसारखा. शाफ्टच्या टोकांवरचे क्रॉस (अधिक चिन्हाच्या आकाराचे सांधे) झिजले, मधल्या बेअरिंगचे रबर फाटले किंवा शाफ्टचा तोल साधण्यासाठी लावलेले वजन निखळले की ही गुरगुर सुरू होते. क्रॉसच्या जॉइंटला एक जन्मजात खोड आहे : तो कोनात फिरताना एका फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो, आणि दुसऱ्या टोकाच्या जॉइंटने ही चूक भरून काढावी यासाठी दोन्ही टोकांचे काटे, म्हणजे क्रॉस धरून ठेवणारे दुहेरी फाटे, एका रेषेत असावे लागतात. त्यामुळे शाफ्ट खोलण्यापूर्वी खुणा करणे आवश्यक असते. क्लच बदलून आणलेल्या गाडीला त्याच संध्याकाळी गुरगुर लागली, तर बहुधा खुणा न करता शाफ्ट उलटासुलटा बसवला गेलेला असतो.

स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत आणखी एक फसवा प्रकार आढळतो. मध्यम वेगाला, अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय असताना, रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी क्षणभर थरथर येते. हा बहुतेक वेळा टॉर्क कन्व्हर्टरमधील (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या माध्यमातून जोडणाऱ्या भागातील) लॉक-अप क्लचचा, म्हणजे ही जोडणी थेट पक्की करणाऱ्या क्लचचा, दोष असतो. अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकचा दिवा लागेल इतपतच पेडल दाबले, तर अनेक गाड्यांत हा क्लच सुटतो. त्यासरशी थरथर थांबली तर चाके आणि शाफ्ट यांना हात लावण्याचे कारण नाही. आधी गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी आणि अवस्था पाहावी. हाताने बदलायच्या गिअरच्या गाडीत फक्त गाडी जागेवरून निघताना हादरे बसत असतील, तर क्लच प्लेटवर आलेले तेल, तापून खराब झालेला पृष्ठभाग किंवा पुन्हा तेच सैल माउंटिंग, हे तीन संशयित पुरेत. ब्रेक दाबतानाच येणारी थरथर बहुधा ब्रेकच्या डिस्कची असते. तिच्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

काही वेळा मात्र चाचणी करण्याचा मोह टाळून गाडी तत्काळ बाजूला उभी केली पाहिजे. चाक काढून पुन्हा बसवल्यानंतर लवकरच थरथर सुरू झाली आणि वाढत गेली, तर चाकाचे नट सैल असण्याची शक्यता प्रथम तपासावी. टायरच्या आतील पोलादी पट्टा सुटून पृष्ठभागावर फुगवटा आला असेल, तर तो कमी वेगातही लडखडतो आणि केव्हाही फुटू शकतो. टायरच्या बाजूवरील चार अंकांच्या गटातून निर्मितीचा आठवडा आणि वर्ष कळते, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. कमी चाललेल्या जुन्या गाडीत नक्षी भरपूर शिल्लक असूनही टायर म्हातारा झालेला असतो, हे यावरून ध्यानात येते. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये हाताने जाणवेल इतका खुळखुळाट असेल, तर गाडी चालवूच नये, कारण पुढचे टोक निखळले तर शाफ्ट रस्त्यात रुतण्याचा धोका असतो. इंजिन जोराखाली मिसिंग करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले इंधन मधूनमधून पेटत नसेल, आणि इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर न जळलेले पेट्रोल धुरातले प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकते. तिथेही गाडी पुढे दामटणे परवडत नाही.

गॅरेजमध्ये होणाऱ्या एका तपासणीविषयी लिहिणे भाग आहे. गाडी उचलून, चाके लोंबकळत ठेवून, गिअर टाकून चाके फिरवली जातात आणि शाफ्ट हलताना दाखवून तो बदलायला सांगितले जाते. चाके लोंबकळत असताना जॉइंट नेहमीपेक्षा फार मोठ्या कोनात फिरत असतात आणि चांगला शाफ्टही त्या अवस्थेत धडधडू शकतो. तपासणी करायचीच तर गाडीचे वजन सस्पेन्शनवर राहील अशा पद्धतीने उचलून करावी. आणि केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

गाडी कारागिराच्या हवाली करताना ‘थरथर बघा’ एवढेच सांगून चालत नाही. कोणत्या वेगाला सुरू होते, कोणत्या वेगाला थांबते, कोणता गिअर होता, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता की उचललेला, इंजिन थंड होते की तापलेले, आणि त्याआधी गाडीचे कोणते काम झाले होते, हे कागदावर लिहून द्यावे. मोबाइलमधील कंप मोजणारे अ‍ॅप आसनावर ठेवून सेकंदाला किती धक्के बसतात ते टिपता आले, तर वर दिलेल्या आकड्यांशी ताडून चाक आणि शाफ्ट यांतला फरक बराच स्पष्ट होतो. कारागिराला शेजारी बसवून तीच थरथर त्याच परिस्थितीत दाखवावी आणि काम झाल्यावर पैसे चुकते करण्यापूर्वी तोच वेग, तोच गिअर आणि तेवढीच माणसे घेऊन फेरी मारावी. बदललेला भाग परत मागून घ्यावा. आतला जॉइंट बदलला असेल तर खाचांवरून नख फिरवताच खड्डा लागतो. तो लागला नाही, तर दोष अजून गाडीतच असण्याचा संभव आहे.

आपला विश्वासू,
वाहनदुरुस्ती शिकवणारा एक वाचक