लिहून घेतलंस का?

प्रिय मनू,

काल फोन ठेवल्यावर तुझी आई अर्धा तास माझ्याशी बोलली नाही. तू स्टुडिओ सोडून स्वतंत्रपणे कामं घेणार असल्याचं सांगितलंस आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर ‘पगाराचं काय?’ तीन वर्षं तू दुसऱ्यांच्या व्हिडिओ गेमसाठी थ्रीडी पिंपं, दरवाजे, तलवारी केल्यास. गेम आला तेव्हा शेवटच्या नामावलीत फक्त कंपनीचं नाव होतं, तुझं नव्हतं. तेव्हा किती रडली होतीस. ते मला काल आठवायला हवं होतं. चुकलं माझं.

रात्री झोप येईना म्हणून तुझं आर्टस्टेशनचं, म्हणजे कलाकार आपली कामं मांडतात त्या साइटवरचं, पान उघडलं. ती लाकडी पेटी मोठी करून पाहिली. कडीच्या डावीकडचाच रंग उडालाय, कारण उघडणारा अंगठा तिथेच टेकवणार. हे तुला कुणी शिकवलं? आधी लाखो पॉलिगॉनचं, म्हणजे बारीक सपाट तुकड्यांचं, जड मॉडेल, मग त्याचंच काही हजारांचं हलकं, आणि जडावरचे ओरखडे नॉर्मल मॅप नावाच्या, उंचसखलपणा टिपणाऱ्या चित्रात उतरवून (तुमच्या भाषेत बेक करून) हलक्यावर चढवायचे, असं तू समजावलं होतंस. तेवढं माझ्या लक्षात राहिलंय.

पण त्या पेटीशेजारी कॉलेजातला ड्रॅगन कशाला? आर्ट डायरेक्टर सगळ्यात कच्च्या कामावरून माणूस जोखतो. सहा-सातच ठेव, सोबत वायरफ्रेम, म्हणजे मॉडेलची नुसती रेघांची जाळी, दाखव, आणि ज्या टीमला लिहिशील तिच्या शैलीतलं एक तरी असू दे. बघ, तुझंच मला सांगितलेलं तुलाच शिकवायला बसलो. राग मानू नकोस.

मला खरं एकच विचारायचं होतं. त्या पहिल्या कामाचं लिहून घेतलंस का?

तू चार वर्षांची असशील. दादाच्या ऑपरेशनचं साल. ऑफिसातून आल्यावर मी घरी बाहेरची ड्रॉइंगं करायचो आणि तू टेबलाखाली ट्रेसिंगच्या उरलेल्या तुकड्यांवर रेघोट्या ओढायचीस. शाईची रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने हलकेच खरवडायची, कागद फाटू द्यायचा नाही. एका कॉन्ट्रॅक्टरने एकाच नकाशात अकरा वेळा बदल करायला लावले. शेवटी जिन्याच्या जागी कागद इतका झिजला की त्यातून माझं बोट दिसायचं. मग म्हणाला, पसंत नाही. सगळं तोंडी ठरलेलं, मागणार कशाच्या जोरावर? आईने तेव्हा काय केलं ते तिलाच विचार, मला लिहवत नाही.

तुमच्यात त्याला फीडबॅक राउंड म्हणतात, एवढाच फरक. दोन राउंड ठरल्या पैशांत, तिसऱ्यापासून वेगळे. ब्लॉकआउट म्हणजे ढोबळ आकार, मग हाय पॉली म्हणजे ते जड मॉडेल, लो पॉली म्हणजे हलकं, शेवटी टेक्श्चर म्हणजे रंग-पोत, असे टप्पे पाड आणि प्रत्येक टप्प्याचे पैसे हातात आले की पुढचा. थोडे आगाऊ घे. सोर्स फाइली, म्हणजे बदल करता येणाऱ्या मूळ फाइली, शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच. काम मधेच रद्द झालं तर किती मिळणार, तेही आत्ताच ठरव. एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही करण्याआधी विचार: गेम आल्यावर हे काम पोर्टफोलिओत लावता येईल का, आणि नामावलीत माझं नाव येईल का? विचारायला लाजू नकोस.

आणि काम देण्याआधी हात पाहायला घेतात ती पाच दिवसांची आर्ट टेस्ट. फुकट पाच दिवस? एखादा दिवस ठीक आहे. त्यापुढे पैसे मागावेत असं मला वाटतं. कुणी अनोळखी माणूस कामाच्या नावाखाली झिप फाइल पाठवून उघडायला सांगेल, तर उघडू नकोस. नोकरी देतो म्हणून चित्रकारांची खाती लुटतात.

मोठे स्टुडिओ शेकडो वस्तूंचं काम सहसा आउटसोर्सिंग कंपनीकडेच, म्हणजे असं काम बाहेरून करून देणाऱ्या कंपनीकडेच, सोपवतात, तिथे एकटीने थडकून उपयोग नाही. पण त्या कंपन्यांना काम साठलं की बाहेरची माणसं लागतात. तुझ्याबरोबरचे किती जण आज निरनिराळ्या कंपन्यांत आहेत! त्यांना कळव. तू तारखा पाळतेस हे त्यांनी पाहिलंय, पोर्टफोलिओत ते दिसत नाही. चार-पाच जणांच्या छोट्या टीमलाही लिही. मधल्या रिकाम्या दिवसांत पिंपं, पेट्यांचे संच करून फॅबवर, त्या तयार मॉडेलांच्या ऑनलाइन बाजारात, विकायला ठेव.

डिसेंबर 2022 मध्ये तुम्ही सगळ्यांनी आर्टस्टेशनवर एआय चित्रांच्या निषेधाचं ते एकच चिन्ह लावलं होतं, तेव्हापासून माझ्या पोटात भीती आहे. तुला बोललो नाही. पेटीच्या कडीकडे पाहिलं की थोडी कमी होते.

एवढं लिहिलं तरी तेच मनात येतंय. समोरचा कितीही गोड बोलू दे, एक साधी ईमेल तरी: काम काय, कधी द्यायचं, किती पैसे, कधी मिळणार. पाठवलीस की मला फक्त ‘हो’ लिही.

आईने माझी जुनी ड्राफ्टिंगची पेनं धुवायला काढलीत. शाई वाळून गच्च झालीय. 0.2 चं तेवढं चालतंय, तू टोक वाकवलेलं ते.

तुझा,
बाबा